रस्ता चुकणारे भाऊजी

आमच्या भाऊजींइतका रस्त्यांचा विचार केलेला माणूस भिलाईत दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका रस्ता चुकणारा तर नाहीच नाही. बाकीची भिलाई पोलाद वितळवायची, रूळ घडवायची, नाहीतर त्याचे हिशेब लिहायची. भाऊजी मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी जावं कसं, ह्या एकाच प्रश्नावर जगत होते. ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. यंत्राला कुणी हाताला धरून न नेता त्यानं आपला आपण रस्ता कसा शोधावा, वाटेत खुर्ची आली तर काय करावं, भिंत आली तर कुणीकडे वळावं, असा तो विषय. रोबो हा शब्द तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये फारसा कुणाच्या कानावरून गेला नव्हता. तुमचा भाचा करतो तरी काय, असं सासूबाईंना कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "गाडीले अक्कल शिकवून राहिला." भाऊजींनी पुढं विद्यापीठाला चांगला जाडजूड प्रबंध दिला, पण ह्याहून सोपं त्यांनाही सांगता आलं असेल असं मला वाटत नाही.

नात्यानं ते ह्यांचे मामेभाऊ, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाचा मुलगा. वर्ध्याकडून नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा, "खोली मिळेपर्यंत राहतो, वहिनी," म्हणाले, आणि आमच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत त्यांनी आपली ट्रंक ठेवली. ती काही वर्षं हलली नाही. खोली शोधायची तर घराबाहेर पडावं लागतं आणि पुन्हा घरी परत यावं लागतं, आणि हा दुसरा भाग भाऊजींना कधी साधला नाही. टाऊनशिपमधली सगळी क्वार्टरं एका साच्यातली, तोच पिवळा रंग, तीच तारेची कुंपणं, अंगणात तेच पेरूचं झाड. एकदा भाऊजी कॉलेजातून आले, बूट काढले, खुर्चीवर बसले, "वहिनी, चहा" म्हणाले आणि डोळे मिटून विचारात गढून गेले. समोर कॉफी आली, उपमा आला. त्यांनी सगळं मन लावून खाल्लं. वहिनींनी आज काहीतरी नवीन केलंय, छान झालंय, असं मनातल्या मनात म्हणेपर्यंत त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं आणि त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येईना. ते घर आमच्या मागच्या गल्लीतल्या तेलुगू कुटुंबाचं होतं. त्या बाईंना वाटलं, हे नवऱ्याच्या ऑफिसातले कुणी साहेब असतील. नवऱ्याला वाटलं, हे बायकोच्या माहेरचे. शेवटी त्या भल्या माणसानं भाऊजींना आमच्या दाराशी आणून पोचवलं, तेव्हा भाऊजी मलाच म्हणाले, "चूक माही नाई वहिनी. सगळे घरं एकसारखे बांधले त असंच होईन. एखादं यंत्र असतं त त्यानं तरी काय केलं असतं?" त्यानंतर त्या घरात भाऊजींसाठी एक वेगळा पेला राखून ठेवलेला असायचा, कारण महिन्यातून एकदोनदा तरी ते तिथं जाणारच, हे दोन्ही घरांनी मान्य करून टाकलं होतं.

त्यांच्या लग्नाचा योगही असाच वाटेत हरवला. नंदिनी नगरला खाणीत नोकरीला असलेल्या एका गृहस्थांची मुलगी सांगून आली होती. हे आणि सासूबाई सकाळीच तिकडे गेले. भाऊजींचं कॉलेज होतं, म्हणून ते दुपारच्या बसनं मागून येणार होते. जामुलला बस थांबली असताना त्यांना खिडकीतून एक गाय दिसली. सिमेंटच्या ट्रकांच्या रांगेतून ती शांतपणे रस्ता ओलांडत होती. कुठं थांबायचं, कुठं सरकायचं, कुठल्या ट्रकला भ्यायचं आणि कुठल्याला नाही, हे तिला बरोबर कळत होतं. भाऊजी उतरले आणि त्या गाईच्या मागं लागले. पुढच्या बसमध्ये बसले ते त्या गाईचाच विचार करत, आणि नंदिनी मागं टाकून थेट अहिवाऱ्याला जाऊन उतरले. तिथून सडकेनं परतले असते तरी वेळ साधली असती. पण सडक उगीच वळसा घेते असं त्यांच्या मनानं घेतलं आणि ते शेतातून, खाणीच्या कडेकडेनं सरळ रेषेत निघाले. मुलीच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि भाऊजी डोक्यापासून पायापर्यंत चुनखडीनं पांढरेशुभ्र झाले होते. मुलीच्या वडिलांनी इतकंच विचारलं, "आपण कुठून आलात?" ह्या प्रश्नाचं उत्तर भाऊजींनी कागद मागून घेऊन, आकृत्या काढून दिलं. लग्न अर्थातच जमलं नाही. परतताना सासूबाई बसमध्ये पदरात तोंड लपवून हसत होत्या. "पोरगी वाचली माय," एवढंच म्हणाल्या.

आता ह्या सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं, कारण भाऊजींची आठवण मला एकटी कधी येतच नाही. आमच्या सेक्टरातल्या मराठी घरांत त्यांचा दरारा होता तो भुलाबाईमुळे. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसवायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींनी घरोघरी गाणी म्हणायची, ही आमची वऱ्हाड-नागपूरकडची रीत सासूबाईंनी भिलाईत रुजवली होती. शाळेत दिवसभर हिंदी बोलणाऱ्या पोरी त्यांच्यासमोर बसून अस्सल मराठी गाणी म्हणायच्या. गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते डबा हलवून, नुसत्या आवाजावरून ओळखायचं असतं. त्यात सासूबाईंना हरवणारं कुणी नव्हतं. आणि ह्याच बाईंचे डोळे काचबिंदूनं गेले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. नागपूरच्या डॉक्टरांनीही आता काही उपाय नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंनी खाट धरली ती धरलीच. न्हाणीपर्यंत जायचं तरी मला हाक, पाण्याचा पेला हवा तरी मला हाक, आणि हळूहळू ती हाकही बंद झाली. तहान लागली तरी त्या गप्प पडून राहायच्या, हे मला फार लागायचं. पुलगावहून माझ्या थोरल्या दिरांचा निरोप आला, की आईला इकडे आणून सोडा, इथं घरी माणसं आहेत, पडून राहील कोपऱ्यात. सासूबाई लगेच कबूल झाल्या. "दिवाळी झाली की मले नेऊन टाका," म्हणाल्या. माणूस स्वतःबद्दल 'टाका' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यानं काय करावं? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्याच सुमारास भाऊजींचं यंत्र घरभर फिरायला लागलं होतं. एक लाकडी पाट, त्याला लहान मुलाच्या पांगुळगाड्याची चाकं, टेपरेकॉर्डरमधून काढलेली मोटर आणि पुढं मिशांसारख्या खराट्याच्या दोन काड्या. काडी कशाला टेकली की यंत्राला कळायचं, इथं अडथळा आहे. स्वयंपाकघरात एक दिवा लावून ठेवायचा आणि यंत्रानं खोल्या ओलांडून त्या दिव्याकडे जायचं, हा त्याचा अभ्यास. सासूबाईंनी त्याचं नाव टकऱ्या ठेवलं, कारण तो जन्मला तोच त्यांच्या खाटेला टक्कर देत. भाऊजी खाटेपाशी मांडी घालून बसायचे आणि त्यांना समजावून सांगायचे, "आत्याबाई, दिवा त्याले वढते अन् भिंत त्याले ढकलते. पण कपाटाच्या आन् पिठाच्या डब्याच्या मधातल्या कोपऱ्यात गेला की फसते. दिवा समोर दिसून राहिला न, मंग मागं हटाची त्याची इच्छाच होत नाई. तथीच थरथरत राह्यते." सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, "मंग त्याले सांग ना मागं सर म्हणून." भाऊजी सुस्कारा टाकायचे. "तेच त सांगता येऊन नाई राहिलं. दिव्याकडे पाठ फिरवाले हिंमत लागते." त्या एका कोपऱ्यापायी त्यांचं संशोधन किती दिवस अडून पडलं होतं.

एका दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. घरात सासूबाई आणि तो टकऱ्या, दोघंच. कपाटामागून त्याची घरघर सुरू झाली, ती थांबेना. आत जाऊन बंद करावा म्हणून मी दाराशी आले आणि तिथंच उभी राहिले. खाट रिकामी होती. सासूबाई स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशी वाकून उभ्या होत्या आणि त्या यंत्राला हातांनी फिरवत होत्या. "अबे, तिकडे कायले मरतं? तोंड फिरव ना! फिरव तोंड!" त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं, तो दोन वेळा अडखळला आणि भिंतीच्या कडेकडेनं सुटून निघून गेला. सासूबाई ताठ उभ्या राहून त्याचा आवाज ऐकत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की आपण खाट सोडून इतक्या लांब आलो आहोत, आणि त्यांनी ओट्याला घट्ट धरलं. मी धावले नाही. मला काय सुचलं कोण जाणे, पण मी म्हटलं, "आई, आता आल्याच आहात तर चहाला आधण ठेवता का?" त्या जराशा घुश्शात म्हणाल्या, "साखरेचा डबा कुठी ठेवला ते सांग मंग."

संध्याकाळी हे ऐकल्यावर भाऊजी उठून येरझारा घालायला लागले. "आवाजावर गेली आत्याबाई? नुसत्या आवाजावर?" पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात भाऊजींचं राज्य सुरू झालं. खाट, कपाट, टेबल, सगळ्यांच्या पायांभोवती खडूच्या खुणा आल्या. खडू पुसला जातो म्हणून पुढं त्या ऑइलपेंटनं रंगवल्या. वस्तू त्या खुणेतून रेसभरही हलवायची नाही. हे रात्रपाळीहून येऊन पेपर वाचायला खुर्ची खिडकीशी ओढायचे, त्यांना भाऊजींनी असं काही सुनावलं, की प्लांटमध्ये चार माणसांवर ओरडणारा माझा नवरा उभ्यानं पेपर वाचायला लागला. सगळ्यांच्या चपला भिंतीशी एका ओळीत. पाहुणे आले तरी त्यांना आधी चपलांचा नियम, मग पाणी. खुद्द भाऊजींचे बूट आजवर एक पडवीत आणि एक अंगणात सापडायचे, पण आत्याबाईंच्या वाटेत त्यांनी कधी काही येऊ दिलं नाही. आणि त्यांची सक्त ताकीद, की कुणी हात धरायचा नाही. "हात धरला की रस्ता धरणाऱ्याच्या डोक्यात राह्यते वहिनी. आत्याबाईच्या डोक्यात जातच नाई." पावलं मोजायलाही बंदी होती. मोजताना कुणी हाक मारली की सगळंच चुकतं, म्हणे. रस्ता कानानं, नाकानं आणि तळपायानं ओळखायचा.

घर झालं तसं भाऊजींनी गल्ली हाती घेतली. त्या वर्षी भुलाबाई कोपऱ्यावरच्या मराठी काकूंकडे बसलेली होती. आमच्या मागच्या दारातून निघायचं, डाव्या हाताखाली तारेचं कुंपण धरायचं. हात फिरला की तार झणझणायची. गल्लीतला सरकारी नळ कायम ठिबकत असायचा. त्याचा आवाज कानावर आला की तिथल्या फटीतून कुंपण सोडून पलीकडे जायचं, म्हणजे काकूंचं फाटक. एवढीच वाट, पण तिच्यासाठी ह्या माणसानं सगळ्या शेजाऱ्यांना वेठीस धरलं. शेजारच्या सरदारजींची स्कूटर कुंपणाला टेकलेली असायची. भाऊजींनी त्यांना जाऊन सांगितलं, "पाजी, आपकी गाडी मेरी बुआजी के रास्ते में है." सरदारजींना आधी राग आला, पण कुठला रस्ता ते कळल्यावर त्यांनी स्कूटर तर हलवलीच, वर कुंपणाची तुटलेली तारही स्वतः बांधून दिली. नळ दुरुस्त करायला मेंटेनन्सची माणसं आली तेव्हा भाऊजी नळाला पाठ लावून उभे राहिले. "इसको ऐसाइच रहने दो भाई, बहुत काम का नल है." ज्या नळासाठी अख्ख्या गल्लीनं तक्रारी केल्या होत्या, त्याची अशी राखण होताना पाहून ती माणसं डोक्याला हात लावून परत गेली. सासूबाई रोज दुपारी भाऊजींच्या मागं मागं नळापर्यंत जायच्या आणि यायच्या. पलीकडे काकूंकडे मात्र जायचं नाव नाही. "लोकं काय म्हणतीन? आंधळी बुढी गाणं म्हणाले आली," असं म्हणून परत फिरायच्या. पुलगावची गोष्ट अजून तशीच उभी होती. हे सुट्टी कधी मिळेल ते बघायला लागले होते.

कोजागिरीच्या दिवशी सूर्य कलल्यावर काकूंकडे पोरींची गाणी सुरू झाली, आणि सासूबाईंनी खाटेवरूनच विचारलं, "सूनबाई, माहं ते हिरवं लुगडं आहे काय वं?" भाऊजी नुकतेच कॉलेजातून आले होते, आणि त्या दिवशी चक्क पहिल्याच खेपेला आमच्याच घरात आले होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. सासूबाई मागच्या दारानं एकट्या निघाल्या आणि आम्ही दोघं बरंच अंतर ठेवून मागं. तार झणझणत होती. आणि अर्ध्या वाटेत माझ्या ध्यानात आलं. नळाचा आवाज येत नव्हता. भाऊजी कॉलेजात असताना, मी बाजारात असताना, मेंटेनन्सवाले येऊन नळ दुरुस्त करून गेले होते! सासूबाई नळावरून तशाच पुढं गेल्या, ओळखीचा आवाज शोधण्याच्या नादात फटीकडे लक्षच न जाता, आणि पुढं जिथं दोन कुंपणं एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यात जाऊन अडकल्या. पलीकडून गाणी ऐकू येत होती, अगदी समोर, हाताच्या अंतरावर. त्या गाण्यांच्या दिशेनं पाऊल टाकायच्या आणि तारेला थडकायच्या. पुन्हा टाकायच्या, पुन्हा थडकायच्या. मी पुढं धावले तशी भाऊजींनी माझी वाट अडवली. "नाई वहिनी." त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आत्ता हात धरला त ती पुलगावले जाईन."

मी त्या क्षणी भाऊजींचा जितका राग केला, तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल. सासूबाई तारेला धरून नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि आम्हाला स्पष्ट ऐकू येईल असं स्वतःलाच म्हणाल्या, "तोंड फिरव ना, टकऱ्या!" आणि त्या बाईनं गाण्यांकडे पाठ फिरवली. कुंपणाला हात लावून आल्या वाटेनं मागं निघाल्या, गाण्यांपासून दूर, पाऊल चाचपत. नळ बंद झाला होता, पण इतक्या वर्षांचा चिखल कुठं जातो? पायाला ओल लागली तशा त्या थांबल्या. अंगठ्यानं चिखल दाबून खात्री करून घेतली. फट हाताला लागली, त्या वळल्या, आणि काकूंच्या फाटकाची कडी वाजली. आतली गाणी एकदम बंद पडली. मग सासूबाईंचा तो जुना, खणखणीत, दरारा असलेला आवाज आला, "कावून थांबल्या वं पोरीहो? पुढचं कडवं येत नाई काय?"

भाऊजी तिथंच धुळीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही त्यांच्या शेजारी बसले. काकूंच्या घरातून खिरापतीचा डबा वाजल्याचा आवाज आला आणि मागोमाग पोरींचा गलका. आमच्या आईंनी खिरापत ओळखली होती. परत येताना त्यांनी कुणाला सोबत येऊ दिलं नाही. पुलगावची गोष्ट त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही. सासूबाई शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या, रोज संध्याकाळी मागच्या दारानं जायच्या आणि दिवेलागणीला तार झणझणवत परत यायच्या. तो आवाज आला की मी चहा ठेवायची. भाऊजींनीही टकऱ्याला अडकल्यावर पाठ फिरवून भिंत धरायला शिकवलं. त्यांचा प्रबंध पुरा झाला, त्यांना दूर दक्षिणेकडे मोठ्या ठिकाणी नोकरी लागली आणि पडवीतली ट्रंक एकदाची हलली. टकऱ्याला ते सोबत घेऊन गेले. स्टेशनवर सोडायला हे स्वतः गेले होते, नाहीतर कुठल्या गाडीत बसले असते देव जाणे.

सासूबाई गेल्या तेव्हा भाऊजींना तार केली. ते तेराव्याला पोचणार होते. ह्यांनी दुर्गच्या स्टेशनावर दोन गाड्या पाहिल्या, भाऊजी कुठल्याच गाडीतून उतरताना दिसले नाहीत. आम्ही त्या तेलुगू घरी विचारून आलो, मागच्या पुढच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सरदारजी स्कूटर घेऊन शोधायला गेले. संध्याकाळ झाली. मी स्वयंपाकघरात एकटी होते, आणि मागच्या बाजूला कुंपणाची तार झणझणली. माझा हात आपसूक चहाच्या भांड्याकडे गेला, आणि मग भानावर येऊन मी जागच्या जागी थिजले. दार उघडलं. भाऊजी होते. खांद्याला पिशवी, एक हात कुंपणाच्या तारेवर, डोळे मिटलेले. केस पांढरे झाले होते.

"चुकलो नाई वहिनी," ते म्हणाले. "आत्याबाईच्या रस्त्यानं आलो."

मला त्यांना किती सांगायचं होतं. ह्या घरात माझ्या सासूला कुणी नेऊन टाकलं नाही, ती तिच्या पायांनी जगली, ते तुमच्यामुळे, हे मी त्यांना तोवर कधी म्हटलंच नव्हतं. त्या संध्याकाळी दारातच म्हटलं, जसं जमलं तसं. खाट अजून तिच्या रंगवलेल्या खुणांतच उभी होती. भाऊजींनी पायातल्या चपला काढल्या, वाकून दोन्ही भिंतीशी नीट ओळीत लावून ठेवल्या, आणि मगच आत आले.